बंपरवरचा चरा पुढून नाही, मागून बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या वाहनांच्या पानावर नवीन गाडी आली की सनरूफपासून कप होल्डरपर्यंत सगळं छापून येतं, मी ते आवडीने वाचतो, पण गाडी घेतल्यावर माणसाच्या डोक्याला जो पहिला ताप होतो त्याच्याबद्दल तुमच्याकडे काही वाचल्याचं आठवत नाही. तो ताप म्हणजे बंपरवरचा चरा. खांबाला कोपरा घासला, कुणीतरी रिव्हर्स घेताना टेकवली आणि निघून गेला, फूटपाथची कड खालून लागली, काहीही असो, मग घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो आजच्या आज रंगवून घे, बघवत नाही, दुसरा म्हणतो असू दे, गाडी म्हटल्यावर लागणारच. माझं म्हणणं असं की दोन्ही पक्ष नुसता वरचा रंग बघून भांडतायत आणि खरा निकाल बंपरच्या मागे लागतो, तिकडे कुणी वाकून बघतच नाही.

आधी हे सांगतो की बाहेरून जो रंगवलेला भाग दिसतो ते फक्त कव्हर आहे, साधारण तीन मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक, बहुतेक गाड्यांत पॉलिप्रोपिलीनमध्ये रबर आणि थोडी टाल्क पावडर मिसळून केलेलं. त्याच्या मागे फोम असतो, फोमच्या मागे स्टीलचा नाहीतर अॅल्युमिनियमचा आडवा बीम, आणि तो बीम दोन बाजूंना चेचले जाण्यासाठीच बनवलेल्या डब्यांसारख्या भागांवरून चॅसीला जोडलेला. धक्का सोसायचं काम या मागच्या मंडळींचं. कव्हरचं काम हवा नीट कापायची, दिसायला बरं दिसायचं आणि पुढच्या बंपरच्या बाबतीत पायी चालणाऱ्याच्या पायाला लागलंच तर कमी लागेल असं मऊ राहायचं. आता गंमत अशी की हे कव्हर लवचिक असतं, दाबलं जातं आणि परत जागेवर येतं, मागचा बीम मात्र एकदा वाकला की वाकलाच. म्हणजे बाहेरून काहीच झालेलं नाही आणि आत वाट लागलीय असंही होतं, आणि बाहेरून बघवत नाही इतका ओरखडा आहे पण आत सगळं ठणठणीत आहे असंही होतं, आणि दुसरा प्रकार खूप जास्त वेळा होतो.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण आमच्या घरातलंच आहे. माझ्या धाकट्या भावाच्या गाडीला सिग्नलला मागून ठोकर बसली. दोघं उतरले, बघितलं तर बंपर जसाच्या तसा, फक्त मागच्या गाडीच्या नंबरप्लेटच्या स्क्रूचा गोल ठसा उमटलेला, बाकी काही नाही, मग काय, दोघांनी हात मिळवले आणि आपापल्या वाटेने गेले. नंतर डिकी बंद करताना एक बाजू घासायला लागली तेव्हा मी बघायला गेलो. बंपर आणि मागच्या दिव्याच्या मधली फट उजवीकडे नख जाईल एवढी आणि डावीकडे आख्खं बोट जात होतं. कव्हर उतरवल्यावर आतला फोम मधोमध दोन तुकडे होऊन पडला, डाव्या बाजूचा ब्रॅकेट तुटलेला आणि बीमला आत पोचा. स्क्रूच्या त्या एवढ्याशा ठशाच्या बरोबर मागे. तोवर समोरच्याचा नंबर कुणाकडे नव्हता, अर्थातच.

म्हणून टेकली की आधी रंग बघू नका, फटी बघा. डावी-उजवी, वर-खाली, बंपर जिथे दिव्याला, फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला), बॉनेटला किंवा डिकीला भिडतो तिथे दोन्ही बाजू सारख्या आहेत का. मग तळहाताने बंपर दाबून बघा, कोपरे जास्त हलतायत का, आत काही खुळखुळतंय का. खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा, चाकाजवळचं प्लॅस्टिकचं अस्तर लोंबून टायरला लागत नाही ना. डिकीतली चटई उचलून आतल्या पत्र्याला सुरकुती आलीय का बघा, कारण पत्र्याला सुरकुती म्हणजे विषय बंपरचा राहिलाच नाही. पुढून बसली असेल तर रेडिएटरपाशी पाणी टिपकतंय का, दिव्याच्या पाठीमागचे कान तुटलेत का. पार्किंग सेन्सर उगाचच वाजतोय किंवा वाजतच नाहीये का. आणि समोरच्याचा फोन नंबर आणि दोन्ही गाड्यांचे फोटो हे सगळं करायच्या आधी. या सगळ्यात काही सापडलं नाही, तर मग तुमच्याकडे उरतो तो फक्त दिसण्याचा प्रश्न आणि त्याला घाई अजिबात नाही.

घाई का नाही, तर प्लॅस्टिक गंजत नाही. हे इतकं साधं आहे पण गॅरेजच्या काउंटरवर हे कुणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही. दरवाजावर किंवा फेंडरवर पत्र्यापर्यंत चरा गेला असेल तर लवकर बघायला पाहिजे, तिथे ओल लागली की गंज रंगाखालून सरकत जातो. बंपरवर तोच चरा वर्षभर राहिला तरी वर्षभराने तो चराच असतो. अपवाद आहेत. रंगाचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर ते वाढत जातात, आणि अशा कडेवर प्रेशरने पाणी मारलं तर रंगाची पट्टीच्या पट्टी उचलली जाते, त्यामुळे गाडी धुणाऱ्याला तिथे लांबून पाणी मार म्हणून सांगा. प्लॅस्टिकला तडा गेला असेल तर तो खड्ड्यांच्या हादऱ्याने पुढे पुढे पळतो. आणि तुटलेली धारदार कड बाहेर आली असेल तर ती कुणाच्या तरी पोटरीला लागेल, तिथे दिसण्याबिसण्याचा प्रश्नच नाही, आजच काहीतरी करा.

आता चरा किती खोल आहे हे कळायला दोन घरगुती परीक्षा पुरतात. ती जागा साध्या पाण्याने स्वच्छ धुवायची, कोरडी करायची, आणि मग ओल्या फडक्याने परत ओली करून बघायची. ओली असताना पांढरी रेघ गायब झाली आणि वाळल्यावर परत दिसायला लागली तर चरा वरच्या पारदर्शक थरात आहे, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, खालचा रंग शाबूत आहे. (इंटरनेटवर तेलाचा स्प्रे मारून चरा घालवल्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यात एवढंच होतं, तेल चऱ्यात भरतं म्हणून दिसत नाही, दोन वेळा गाडी धुतली की परत हजर.) दुसरी परीक्षा नखाची. आडवं नख फिरवायचं, अडकलं नाही तर पॉलिशने काम होण्यासारखं आहे, अडकलं तर पॉलिशने नुसत्या कडा मऊ होतील, चरा जाणार नाही. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्याही जाडीपेक्षा कमी, तेव्हा रबिंग कंपाऊंड घेऊन जोर लावून घासत बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आपण चरा काढत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणतोय.

आणि अनेकदा तर तो चरा आपल्या गाडीचा नसतोच, समोरच्या गाडीचा किंवा खांबाचा रंग आपल्यावर चिकटलेला असतो. पांढऱ्या गाडीवर पिवळा पट्टा, लाल गाडीवर पांढरा. हा वर बसलेला असतो, आत गेलेला नसतो. मायक्रोफायबरच्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा डांबर काढायचं लिक्विड घेऊन हलक्या हाताने पुसायचं, नंतर बारीक पॉलिश. भयानक दिसणारा पट्टा डोळ्यांदेखत निघून येतो आणि खाली दोन केसासारख्या रेघा उरतात. टूथपेस्टने पण निघतो थोडाफार, पण तिने चमक मरते आणि मग ती धुरकट जागा चऱ्यापेक्षा जास्त डोळ्यात येते. थिनर मात्र अजिबात लावू नका, विशेषतः गाडीला आधी कधी गॅरेजमध्ये रंग मारलेला असेल तर.

पोचा असेल तर गरम पाण्याचा उपाय खरंच चालतो, पण कुठे चालतो ते कळलं पाहिजे. पॉलिप्रोपिलीन वितळायला १६० अंशांच्या आसपास जावं लागतं, उकळतं पाणी १०० अंश, म्हणजे वितळायची भीती नाही, नुसतं नरम पडतं. गोलसर, पसरट, कुठे घडी न पडलेला पोचा असेल तर उकळतं पाणी ओतून आतून हाताने किंवा कापड गुंडाळलेल्या दांड्याने रेटला की टक्कन बाहेर येतो, लगेच गार पाणी ओतायचं म्हणजे तो तिथेच बसतो. जाड हातमोजे घाला, आणि दिव्याच्या काचेवर पाणी ओतू नका. थंडीत गार पडलेल्या बंपरला तसंच रेटलं तर रंगाला बारीक तडे जातात. हीट गनने पण होतं पण ती काही शे अंशांपर्यंत जाते, रंगाला फोड यायला वेळ लागत नाही, म्हणून ज्याच्या हाताला सवय नाही त्याने पाणीच बरं. घडी पडून पांढरी रेघ उमटली असेल तर तो पोचा कितीही पाणी ओता, पूर्ण जाणार नाही, ती रेघ म्हणजे प्लॅस्टिक तिथे ताणलं गेलंय.

तडा गेला असेल तर घरातला फेविक्विक वगैरे काढू नका, पॉलिप्रोपिलीनला साधी गोंदं धरतच नाहीत, पृष्ठभागच तसा आहे. कव्हरच्या आतल्या बाजूला मटेरियलचा शिक्का असतो, पीपी-ईपीडीएम (म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि रबर) असं काहीतरी आणि बऱ्याचदा पुढे टी आणि आकडा, टी १० किंवा टी २०, तो टाल्कचा टक्का. चांगला कारागीर आधी तो शिक्का वाचतो आणि त्याच जातीची प्लॅस्टिकची कांडी घेऊन वेल्डिंग करतो, आतून जाळी किंवा तारेचे टाके घालतो. शिक्का न बघता सरळ लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरायला घेणारा दिसला तर गाडी परत घेऊन या. पत्र्यासाठीची लांबी कडक होते, बंपर लवचिक, पहिल्याच धक्क्याला खपली निघते.

रंगाबद्दल पेंटरची बाजू पण मांडतो, कारण लोक त्यांना उगाच शिव्या घालतात. "साहेब, एवढ्याच जागेला मारून चालणार नाही, पूर्ण बंपर मारावा लागेल" असं तो म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं हा बिल वाढवतोय. बऱ्याचदा तो बरोबर असतो. रंग मधेच विरवता येतो पण क्लिअर कोटची कड मधेच कुठेतरी संपवली तर काही काळाने ती रेघ उमटते, म्हणून क्लिअर तरी कडेपर्यंत न्यावा लागतो. अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे बंपरला नैसर्गिक घडी किंवा कड आहे तिथे थोडक्यात भागू शकतं, हे त्याला विचारून बघा. शेडचं म्हणाल तर गाडीवरचा रंगाचा कोड एकच असला तरी त्याच्या आत छटा असतात, आणि मेटॅलिकमध्ये स्प्रे गनचा दाब आणि अंतर बदललं तरी छटा बदलते, पर्ल पांढऱ्यात तर तीन थर, तिथे चुकायला भरपूर वाव. बरं, कारखान्यातसुद्धा पत्रा साधारण १४० अंशांला भाजतात आणि प्लॅस्टिकला ते झेपत नाही म्हणून बंपर वेगळा, कमी तापमानाला रंगवला जातो, कित्येकदा वेगळ्याच कारखान्यात. कोऱ्या गाडीचा बंपर आणि फेंडर तिरक्या उन्हात बघा, बऱ्याच गाड्यांत फरक दिसेल. आपण तो शोधत नसतो म्हणून दिसत नाही, रंगवून आणल्यावर मात्र भिंग घेऊन शोधतो.

पेंटरला विचारायचं ते वेगळंच आहे. प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर मारणार का? बंपर उतरवून मारणार की जागेवरच टेप लावून? बंपर नवीन असेल तर त्यावरचा साच्यातून निघताना राहिलेला तेलकट थर धुणार का? रंगवलेला बंपर पुढे सापासारखी कात टाकतो ना, तो याच कामचोरीमुळे, रंग वाईट असतो म्हणून नाही. जुना तुटका पार्ट परत मागा, आणि बिलावर दुरुस्त केला की बदलला ते लिहून घ्या, तोंडी नको.

एक नवीन भानगड अशी की हल्लीच्या गाड्यांत बंपरच्या मागे रडार बसवलेलं असतं, पुढे क्रूझ कंट्रोल आणि आपोआप ब्रेकसाठी, मागे कोपऱ्यात ब्लाइंड स्पॉटसाठी (आरशात न दिसणाऱ्या जागेसाठी), आजकालच्या बऱ्याच रडारची फ्रीक्वेन्सी ७७ गिगाहर्ट्झची. ही लाट प्लॅस्टिकमधून आरपार बघते, पण त्या जागी लांबी भरली, एकावर एक मेटॅलिक रंगाचे थर चढवले, किंवा वर स्टिकर डकवला तर तिला धूसर दिसायला लागतं. म्हणून अनेक कंपन्या रडारच्या समोरच्या भागात दुरुस्ती करूच नका म्हणतात. अशा गाडीला "दिसायला बरं नाही" म्हणून किरकोळ चऱ्यावर जाड रंग मारून घेणं म्हणजे चांगलं चाललेलं बिघडवणं. बंपर काढला-बसवला असेल तर रडार आणि कॅमेरा परत कॅलिब्रेट करायला, म्हणजे त्यांचा नेम परत जुळवायला, लागतं का ते विचारा, डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका. साध्या पार्किंग सेन्सरच्या गोल बटणांवरही जाड रंग चालत नाही.

इन्शुरन्सचं थोडक्यात. क्लेम करायच्या आधी कागदावर दोन आकडे मांडा, एकीकडे दुरुस्तीचा खर्च, दुसरीकडे आपल्या खिशातून भरायची ठरलेली रक्कम अधिक पुढच्या हप्त्यातली जाणारी नो क्लेम सवलत. एकट्या चऱ्यासाठी बहुतेक वेळा दुसरी बाजू जड भरते. आत बीम, सेन्सर, दिवा गेला असेल तर गोष्ट वेगळी. आणि लीजची गाडी असेल तर परत करायच्या आधी त्यांचे झीज मोजायचे नियम वाचा, छोट्या चऱ्यांना तिथे सूट असते.

"विकताना भाव पडेल" हा एक ठरलेला मुद्दा. थोडा पडेल, कबूल. पण मी जुनी गाडी घ्यायला जातो तेव्हा चरे पडलेल्या जुन्या बंपरपेक्षा कोराकरकरीत रंगवलेल्या बंपरलाच जास्त घाबरतो, की बाबा, याच्या मागे काय झाकलंय. रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं यंत्र पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकवर चालत नाही, त्यामुळे तिथे यंत्र लावून काही कळत नाही, वाकून बीमचे बोल्ट फिरवलेत का, त्यांच्यावरचा रंग उडालाय का तेच बघायला लागतं. विकायचीच असेल तर रंगवायचं ते विकायच्या वेळी रंगवा, आणि काय झालं होतं त्याचे फोटो ठेवा. आज रंगवाल आणि पुढच्याच महिन्यात त्याच खांबाला तोच कोपरा लागेल. खांब कुठे जात नाही.

सिरॅमिक कोटिंगवाल्यांचं ऐकून बंपरला संरक्षण मिळालं असं समजू नका, तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, पाणी आणि धूळ बसू देत नाही एवढंच, भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही. पारदर्शक फिल्म येते ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते, तिचा बारीक ओरखड्यांना खरंच उपयोग होतो. चॅसीला बोल्ट मारून बसवलेले लोखंडी गार्ड मात्र नको रे बाबा, धक्का फोमला आणि त्या चेचल्या जाणाऱ्या डब्यांना टाळून सरळ चॅसीत जातो, आणि पुढे माणूस आला तर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

राग खरा कंपन्यांवर आहे. १९७२ मध्ये रेनो ५ ही छोटी गाडी रंग न मारलेले प्लॅस्टिकचे बंपर घेऊन आली, घासलं तरी कुणाचं लक्ष जात नव्हतं. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून असा नियम होता की पुढचा बंपर ताशी ५ मैलांनी आपटला तरी दिवे, इंधनाचा भाग वगैरे बिघडता कामा नये, पुढे १९८२ मध्ये तो अडीच मैलांवर आणला. त्यानंतर सगळीकडे बंपर गाडीच्या रंगात आले, गुळगुळीत झाले, त्यात दिवे, जाळ्या, सेन्सर, क्रोमच्या पट्ट्या शिरल्या, आणि ज्याने मार खायचा तोच गाडीतला सगळ्यात नटवा भाग होऊन बसला. २०१४ च्या सिट्रोएन सी४ कॅक्टसने दरवाजांवर हवेच्या कप्प्यांची प्लॅस्टिकची गादी लावली तेव्हा लोक हसले, मला ती कल्पना शहाणपणाची वाटली होती. बंपरचे चार कोपरे, जे नव्वद टक्के लोकांचे घासतात असं आपण डोळे मिटून म्हणू शकतो, ते काळ्या खरखरीत प्लॅस्टिकचे, वेगळे, चार स्क्रू काढले की बदलता येतील असे द्यायला काय हरकत आहे? काही एसयूव्हींना खालची कड तशी असते, पण ती मर्दानी दिसण्यासाठी, आणि कोपऱ्याच्या नेमक्या फुगीर भागावर परत रंग असतोच.

तेव्हा तुमच्या वाहन पानाला एक विनंती, गाडीची परीक्षा छापताना शेवटी एक चौकट टाका, बंपरचं कव्हर एक अखंड आहे की तुकड्यांत मिळतं, कोपरे रंगवलेले आहेत की नाहीत, मागे रडार नेमकं कुठे बसवलंय, आणि कव्हर उतरवल्यावर कॅलिब्रेशन लागतं का. शून्य ते शंभर किती सेकंदात जाते ते नाही छापलं तरी चालेल, आमच्या गाड्या तेवढ्या वेगाने फक्त पार्किंगच्या खांबाकडेच जातात.

आपला,
एक नियमित वाचक